डाव्या टायरचा आकडा

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, हायवेवरच्या सनसेट पॉइंट थांब्यावर आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, थांबली तशी मी खाली उतरले आणि मागे बांधलेल्या गाडीच्या डाव्या टायरचा वास घेतला. हसू नका. मिरजेला बाबांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. तापून खराब होऊ लागलेलं रबर कसं करपट वास मारतं, हे मला पाढ्यांच्याही आधी कळलं.

वास काही नव्हता. पण आमचे हे मात्र चांगलेच हादरले होते. फिनिक्स साधारण १,१०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ ७,०००च्या आसपास. या दोन शहरांमधल्या आय-१७ हायवेवरचा तो चढ म्हणजे डिझेल इंजिनाची परीक्षाच. आमच्या मोटरहोमचा धूर मागून डाव्या बाजूला बाहेर पडतो आणि तिथेच मागे, चारही चाकांवर ओढत आणलेल्या आमच्या २०१२च्या होंडा सीआर-व्ही गाडीचं पुढचं डावं चाक येतं. चढावर त्या चाकाचा सेन्सर १३८ फॅरेनहाइट दाखवत होता, उजव्याचा ११२. "धुराने टायर भाजतोय," यांनी जाहीर करून टाकलं.

मी हवेच्या दाबाचे आकडे बघितले, पीएसआयमधले. सकाळी थंड असताना दोन्हीकडे ३३ भरली होती. आता उजवीकडे ३७, डावीकडे ३८. तापमान १० फॅरेनहाइट वाढलं की गाडीच्या टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. आतली हवा खरंच २६ अंशांनी जास्त तापली असती, तर फरक अडीचच्या घरात दिसायला हवा होता. म्हणजे तापला होता तो मुख्यतः व्हॉल्व्हवर बाहेरून बसवलेला सेन्सर. मग इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. दोन्ही टायर जवळपास सारखेच. रिमही सारख्याच, म्हणजे ब्रेक घासत असल्याची शंकाही मिटली.

धुराला मी अगदीच निर्दोष सोडत नाही. डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचलेली काजळी जाळायला लागली की आतलं तापमान ६०० सेल्सिअसच्या आसपास जातं. रस्त्यावर वारा त्या झोताची वाट लावतो. पण मोटरहोम उभी करून काजळी जाळायचं बटण दाबलं तर झोत एकाच जागी बसत राहतो. बाबांच्या साच्यात टायर साधारण १५० सेल्सिअसला शिजायचा, त्यावरून काय ते समजा. म्हणून आमच्याकडे नियम आहे: उभ्याने काजळी जाळायची तर मागची गाडी आधी सोडून लांब नेऊन ठेवायची, आणि खाली वाळलं गवत नको.

तर वाकलेच होते म्हणून मी टायरच्या कडेला नखाने दाबून पाहिलं. बाबा असंच करायचे. नखाखाली बारीक बारीक भेगा उघडल्या, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. शेजारी छापलेल्या टायरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले: ३११५. म्हणजे २०१५ सालचा एकतिसावा आठवडा.

"अहो, हे टायर किती चाललेत?"

"बावीस हजार मैल. अजून नक्षी आहे की!"

बावीस हजार ओडोमीटरवरचे. ओढताना आमच्या गाडीचा ओडोमीटर जागचा हलत नाही, टायर मात्र फिरतच असतात. माझ्या वहीत ओढलेल्या प्रवासाची बेरीज केली, ती निघाली एकोणीस हजार. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलले काहीच नाहीत.

पुढचा चढ ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने चढलो. फ्लॅगस्टाफला चारही टायर बदलले. दुकानातल्या पोराने जुन्यांतला एक हातात घेऊन नुसती मान हलवली.

घरी परतल्यावर यांनी धुराचं तोंड खाली वळवणारं कोपर, म्हणजे वाकडा पाइप, मागवलंच, आणि एका रविवारी स्वतःच मोटरहोमखाली झोपून बसवलं. आता डाव्या सेन्सरचा आकडा उजव्यापेक्षा फार तर पाच-सहाने जास्त असतो. प्रत्येक चढावर हे तो मला मोठ्याने वाचून दाखवतात.