जनरल रजिस्टरातलं गाव

स्मरणिकेतला गावाचा इतिहास बहुधा पांडवांपासून सुरू होतो. त्यांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, आणि तिथून उडी थेट पहिल्या सरपंचावर. मधली माणसं गायब. ती शाळेच्या कपाटात सापडतात. मराठी शाळेचं आणि हायस्कुलाचं जनरल रजिस्टर म्हणजे गावाचा वर्षानुवर्षं सलग, एकाच साच्यात लिहिलेला कागद. शाळेच्या महोत्सवानिमित्त कुणी गावाचा इतिहास लिहायला बसणार असेल, तर त्याने तिथून सुरुवात करावी, हे सांगण्यासाठीच हा लेख.

नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल केल्याचा दिनांक, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा हे रकाने बहुतेक रजिस्टरांत असतात. काहींत पालकाचा धंदाही असतो. ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ या रकान्यांवर वेळ घालवू नका. तिथे सगळेच ‘समाधानकारक’ आणि ‘चांगली’.

जन्मतारखेच्या रकान्यात मात्र डोळे उघडे ठेवा. जुन्या पिढीतली निम्मी मुलं १ जूनला जन्मलेली दिसतील. शाळा जूनमध्ये भरायची, नाव घालायला वय पुरं लागायचं आणि आईला आठवत असायचं ते ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’. मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. खरी तारीख हवी असेल तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं पुस्तक बघावं लागतं. ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात तेच हे. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं, अर्ज केला की नक्कल मिळते. तिथली अडचण वेगळी: जन्माची नोंद बारशाआधीच होई, म्हणून मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, आणि कितवं अपत्य, एवढ्यावर जुळवाजुळव करायची. एकाच बापाची दोन मुलं दोन वर्षांच्या अंतराने असली की घोळ होतो, तेव्हा दोन्ही नोंदी उतरवून ठेवाव्यात आणि निर्णय पुढे ढकलावा.

रजिस्टर वाचण्याआधी ते मूळ आहे की नक्कल, हे ओळखा. पहिल्या दोन-तीनशे नोंदी एकाच हातच्या, एकाच शाईच्या, एकाच ओघात उतरलेल्या असतील, तर जुनं पुस्तक फाटल्यावर ते कुणीतरी नव्यावर उतरवून काढलेलं आहे. अशा नकलेत आडनावं सुधारून लिहिली जातात, अंक उलटेपालटे होतात. मुळात नोंद रोजची असते. लेखणी बदलते, अक्षर बदलतं, जूनमध्ये गर्दी आणि श्रावणात शुकशुकाट दिसतो.

सगळ्यात बोलका रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. ‘वडिलांची बदली’, ‘लग्न’, ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी’. दहा-दहा वर्षांचा गट पाडा आणि प्रत्येक गटात मुली किती, त्यांतल्या कितीजणी चौथीनंतर गळाल्या, बाहेरगावच्या जन्मस्थळांची मुलं किती, एवढंच मोजा. मग तारखा पाहा. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच आळीतली नावं धडाधड कमी झाली असतील, तर गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीचा तो माग असू शकतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या स्मरणिका हे पान उघडत नाहीत. १९७२ च्या दुष्काळातही तसंच, पण तिथे नाव कमी होण्यापेक्षा गैरहजेरी जास्त दिसते, कारण आईबाप रोजगार हमीच्या किंवा दुष्काळी कामावर आणि धाकटं सांभाळायला थोरलं घरी. हे हजेरीपटात पक्कं दिसतं. पण हजेरीपट कायम जपायचं दप्तर नव्हे, मुदत संपली की रद्दीत जातो. उरला असेल तर ते नशीब. बाजारचा दिवस, सुगी, ऊसतोडीचे महिने असं गावचं सगळं वेळापत्रक त्यात गैरहजेरीच्या खुणांनी लिहिलेलं असतं.

रजिस्टराला फेरफारांची, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदींची, जोड द्या. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं तो १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. त्यानंतरचे फेरफार काढले की कुळाचं नाव मालकाच्या रकान्यात गेलेलं दिसतं. त्याच घरातली मुलं पुढच्या दहा वर्षांत सातवीपलीकडे गेली का, हे रजिस्टरात ताडून पाहा. गेली असोत वा नसोत, जमिनीने गावाचं काय केलं याचं उत्तर मिळतं.

मागे जाल तसा मोडीशी सामना होतो. मोडीत इकार-उकार ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, शब्दही तोडत नाहीत. म्हणून आडनाव अंदाजाने वाचू नये, त्याच लेखकाच्या हातची दुसरी नोंद शोधून ताडावी. सनांचंही भान हवं. शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. आपल्याकडचा फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, मृगापासून धरतात, त्यात डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१. इथे चूक झाली की शाळेचाच महोत्सव वर्षभर पुढेमागे सरकतो.

रजिस्टराची काही पानं विशेष मळकी दिसतील. जात पडताळणीसाठी लोक अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधत येतात, आणि तीच पानं उलटली जातात. जातीच्या रकान्यात वेगळ्या शाईचा शब्द घुसवलेला दिसला तर त्यावर निष्कर्ष काढू नका. मुख्याध्यापकांना दाखवा.

पानांना सेलोटेप लावू नये, काही वर्षांत ते पिवळं पडून अक्षरासकट निघतं. लॅमिनेशन तर नकोच. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पान सपाट ठेवून, वरून सरळ काढावेत आणि फाईलला खंड व पानाचा क्रमांक द्यावा. रजिस्टरावर पेन्सिलचीसुद्धा खूण करू नये.

स्मरणिकेत छापायचे ते फक्त आकडे. कुणाची जात, खरी जन्मतारीख किंवा ‘नाव कमी’चा शेरा नावानिशी छापला, तर त्या घरातली माणसं प्रकाशनाला समोरच्या खुर्च्यांवर बसलेली असतात.