पुढच्या कल्पाचं अंडं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काम झालं, पैसे दिले, तरी काही पोरं काउंटरशी रेंगाळतात आणि विचारतात, "ताई, स्कायरिममध्ये जग खरंच संपणार असतं का? मग अल्डुइनला मारलं की पुढचं जग जन्मालाच येत नाही का?" याचं उत्तर गिऱ्हाईक उभं असताना देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सवडीनं लिहिते.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेथेस्डा कंपनीच्या 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. अल्डुइन हा त्यातला काळा ड्रॅगन, काळाच्या देवाचा थोरला. त्याचं बिरुदच 'जग खाणारा'. त्याला अडवायचं काम तुमच्याकडे येतं, कारण तुमचं शरीर माणसाचं असलं तरी आत्मा ड्रॅगनचा असतो.

त्या जगातल्या सगळ्यांत उंच डोंगराच्या माथ्यावर पार्थुरनॅक्स नावाचा म्हातारा ड्रॅगन बसलेला असतो. एके काळी तो अल्डुइनचा उजवा हात होता. पुढं त्याची साथ सोडून त्यानं माणसांना ड्रॅगनांची विद्या शिकवली. तुम्ही त्याच्याकडे अल्डुइनला हरवायचा मंत्र मागायला जाता आणि तो आधी विचारतो, तुला हे का करायचंय? मी उत्तर निवडलं, 'मला हे जग आवडतं, ते संपायला नको.' त्यावर तो म्हणाला, हे जग म्हणजे पुढच्या कल्पाचं अंडंच असेल तर? ते जग जन्माला यायचं तू थांबवशील?

कल्प. इंग्रजी बोलणाऱ्या ड्रॅगनच्या तोंडी सरळ आपला शब्द. माउसवरचा माझा हात तिथंच थांबला. माझे वडील भिक्षुकी करायचे. सत्यनारायण असो की वास्तुशांत, संकल्प ठरलेला: "श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे अष्टाविंशतितमे युगचतुष्के कलियुगे प्रथमचरणे..." लहानपणी मला ती नुसती लय वाटायची. मोठी झाल्यावर कळलं की तो पत्ता आहे. आपण कुठं बसलोय हे जसं "गोदावर्या दक्षिणे तीरे" म्हणून सांगायचं, तसंच काळात कुठं बसलोय हेही सांगायचं, आणि मगच पळीतलं पाणी सोडायचं.

त्या पत्त्यामागचं गणित चोख आहे. चार युगांचं एक महायुग, ४३ लाख २० हजार वर्षांचं. अशी हजार महायुगं म्हणजे एक कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षं. त्यात चौदा मनू. आपण सातव्या मनूच्या अठ्ठाविसाव्या महायुगात आहोत. ब्रह्मदेवाची संध्याकाळ झाली की प्रलय, मग तेवढीच मोठी रात्र, मग पुन्हा सकाळ. त्यासाठी कुणाचा राग लागत नाही, भूक लागत नाही.

एल्डर स्क्रोल्सच्या जगात हा आकडाच नाही. शब्द आपला घेतला, पण त्यामागचं घड्याळ काढून तिथं पोट बसवलं. मला सगळ्यांत मोठा फरक हाच वाटतो. जग कधी संपणार, तर कुणीतरी ते खाईल तेव्हा.

ही भूक अल्डुइनपुरती नाही. त्याच जगातल्या रेडगार्ड लोकांची सृष्टीची कथा घ्या, मला ती सगळ्यांत जास्त आवडते. सुरुवातीला एकच सर्प होता, साताक. पुढं होणारी सगळी जगं त्याच्या खवल्यांच्या चकाकीत होती, पण सर्प एवढा मोठा आणि स्वतःभोवती असा गुंडाळलेला की एकाही जगाला श्वास घ्यायला जागा नाही. त्यांनी मदत मागितली. बाहेर कुणी नव्हतंच, म्हणून मदत आतून आली: आकेल, म्हणजे भुकेलं पोट. सर्प स्वतःलाच खाऊ लागला, तशी जागा झाली आणि जगं सुरू झाली. खाता खाता त्यानं आपलंच काळीज चावलं आणि तो मेला. भूक मात्र मेली नाही. मग सर्पानं कात टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक जग म्हणजे एक कात. या कथेत भूक वाईट नाही. ती नसती तर कशालाच जागा मिळाली नसती.

काही बलवान आत्म्यांना हे चक्र उमगलं. तिरकं चालत एका कातीतून दुसऱ्या कातीत जायला ते शिकले. रुप्तगा त्यांच्यात सगळ्यांत मोठा, त्यानं मागून येणाऱ्या दुबळ्यांना वाट दिसावी म्हणून आकाशात तारे लावले. पुढची कात येईपर्यंत थांबायची जागाही तयार झाली, तिचं नाव 'दूरचे किनारे'. हे वाचताना मला करवीर आठवतं. प्रलयात अंबाबाईनं हे क्षेत्र आपल्या करांनी उचलून धरलं म्हणून ते करवीर, ही कथा आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

(माझी मैत्रीण कुंभोजची, जैन. तिला हे सांगितलं तर म्हणाली, आमच्यात जग कुणी केलं नाही नि कुणी खातही नाही, फक्त उतार आणि चढ. अवसर्पिणीचे सहा आरे, उत्सर्पिणीचे सहा. सर्पाची चाल तिलाही सुटली नाही.)

आता पुनर्जन्म. स्कायरिममध्ये तो सर्वांना सारखा नाही. ड्रॅगनचं शरीर मरतं, आत्मा मरत नाही. काइन्सग्रोव्ह गावाजवळच्या टेकाडावर हे डोळ्यांनी दिसतं. अल्डुइन वर घिरट्या घालत हाक देतो, माती फुटते, सांगाडा चढून वर येतो आणि बघता बघता हाडांवर मांस नि खवले चढतात. तुम्ही ड्रॅगन मारता तेव्हा हेच उलटं होतं: मांस जळून जातं, आत्मा तुमच्यात शिरतो, हाडं उरतात, आणि तो परत उठत नाही. सामान्य माणसाला असं उठणं नाही. नॉर्ड म्हणजे स्कायरिमचे लोक; त्यांच्यातले शूर सोव्हनगार्डला, त्यांच्या वीरस्वर्गात जातात. ज्याचा आत्मा काळ्या रत्नात अडकवला, तो सोल केर्न नावाच्या भकास लोकात कायमचा. कर्माचा हिशेब मला तिथं कुठं दिसला नाही.

मालिकेतल्या जुन्या गेममध्ये, २००२ च्या मोरोविंडमध्ये, पुनर्जन्माचा विचार याहून खोल आहे. नेरेवार नावाचा वीर परत येणार असं भाकीत असतं. तुम्ही जहाजातून उतरवलेले कैदी. तुमचा जन्म भाकिताशी जुळतो, म्हणून बादशहानं तुम्हाला पाठवलेलं. भाकितं जाणणारी बाई तोंडावर सांगते, तू तो नाहीस, तू तो होऊ शकशील असा एक आहेस. पुढं एका गुहेत तुमच्याआधी निघालेले, पण पोचू न शकलेले भेटतात. त्यांची भुतं शांत उभी असतात, प्रत्येकजण आपलं कुठं चुकलं ते सांगतो आणि जवळची वस्तू तुमच्या हाती देतो. मी त्या गुहेत तासभर होते. पुनर्जन्म मिळालेला नसतो, तो पेलावा लागतो, हे मला तिथं कळलं.

मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या मते अल्डुइन जग खायला आलेलाच नव्हता. जो सगळं गिळणार आहे तो मेलेले ड्रॅगन उठवून फौज कशाला उभी करील? तो राज्य करायला आला होता, त्याचं नेमलेलं काम बाजूला ठेवून. म्हणूनच त्याला मारल्यावर त्याचा आत्मा तुमच्यात येत नाही. त्याच डोंगरावरच्या मठातला साधू आर्नगेअर नंतर म्हणतो, काळाच्या शेवटी त्याला परत येऊ दिलंही जाईल, ते देवांनी ठरवायचं, तू तुझं काम केलंस. अंडं फुटलेलं नाही. ते उबायचं लांबलं, एवढंच.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर दुकानात गाळानं भरलेले कॅबिनेट रांगेनं आले होते. शाहूपुरीतला एक पोरगा आला. "ताई, मशीन गेलं तर जाऊ दे, माय गेम्सचा फोल्डर तेवढा काढा." हार्ड डिस्कच्या बोर्डावर पंचगंगेचा गाळ वाळून पापुद्रा झाला होता. जुन्या टूथब्रशनं, स्पिरिट लावून तो काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. डिस्क फिरली. दुकानातल्या मशीनवर सेव्ह उघडला तर बर्फातला तो माथा, समोर म्हातारा ड्रॅगन, आणि प्रश्न अजून विचारायचाच होता. त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तो स्टुलावर बसला, प्रश्न ऐकला, बराच वेळ काही दाबलं नाही. मग त्यानं 'हे जग आवडतं' निवडलं, लगेच नवा सेव्ह केला आणि पेन ड्राइव्ह पुढं केला.

"दोन कॉपी द्या ताई. एक तुमच्याकडे राहू दे."

ती अजून माझ्याकडे आहे.