तुम्ही विचारलंत म्हणून: नात्यातले नव्हते, मग अजून का आठवता?

"तुमचे कोणी नात्यातले नव्हते ते. इतकी वर्षं झाली. अजून कशाला?" शाळेच्या सहलीत गेलेल्या माझ्या तीन वर्गमित्रांबद्दल हे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. १२ जून २०२५ला अहमदाबादमध्ये विमान मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं आणि मेसमध्ये जेवायला बसलेली पोरं गेली, तेव्हा ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने वेगळं विचारलं. त्यांच्या वर्गात उरलेल्यांचं काय होत असेल, म्हणाला. इतक्या वर्षांत असं विचारणारा मला तो पहिलाच भेटला. म्हणून आता नीट सांगतो.

आम्ही आठवीत होतो. शाळेची सहल कोकणात निघाली होती. मला कांजिण्या आल्या आणि मी घरी राहिलो. येताना बस घाटात उलटली. माझ्या वर्गातले तिघे गेले. त्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण घरच्यांना विचारलेलं नाही.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी सरांनी कॅटलॉग उघडला. रोजच्या सवयीने एकामागून एक नंबर घेत गेले आणि तिघांपैकी पहिल्याचा नंबर त्यांच्या तोंडून निघून गेला. सर थांबले. वर्ग गप्प. त्याच्या पुढचा नंबर ज्याचा होता तो पोरगा उठला, "हजर" म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. सरांनी कॅटलॉग मिटला, त्या दिवशी हजेरी झालीच नाही. वर्षभर ते तीन नंबर मोकळेच राहिले. सर बाविसाव्यावरून थेट चोविसाव्यावर जायचे आणि आम्ही सगळे त्या उडीची वाट बघत बसायचो. नववीत नवे नंबर पडले, पट सलग झाला. घरी येऊन मी फार रडलो. आई म्हणाली, आता काय झालं नव्याने? मला सांगता आलं नाही.

गावाने तेव्हा पुष्कळ केलं, हे सांगायलाच हवं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्या दिवशी माग बंद होते. पण लोक भेटायला गेले ते आईबापांना, भावंडांना. तसंच असायला हवं. वर्गाकडे मात्र कोणी आलं नाही. आम्ही तेरा वर्षांची पोरं, आम्हाला दुःख व्हायचा काही हक्क आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. घरात विषय निघाला की मोठी माणसं म्हणायची, त्याच्यासमोर नको. सहामाही परीक्षा वेळेवर झाली.

पुढे कधीतरी लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या लॅनफ्रँक शाळेविषयी वाचलं. ९ ऑगस्ट १९६१. या शाळेतली १३ ते १६ वयाची ३४ मुलं आणि दोन शिक्षक सुट्टीतल्या शिबिरासाठी नॉर्वेला निघाले होते. स्टाव्हांगरला उतरायच्या आधी, खराब हवेत, त्यांचं विमान होल्ता इथल्या डोंगरावर आदळलं. तीन कर्मचारी धरून ३९ जण होते, कोणीही वाचलं नाही. मी वाचता वाचता थांबलो तो आकड्यापाशी नाही. ऑगस्टमध्ये तिकडे उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणजे सप्टेंबरात शाळा भरली असेल आणि कोणीतरी पट उघडला असेल. एका शाळेच्या पटावरची ३४ नावं! आमची तीन होती, तरी वर्षभर वर्गात श्वास धरून बसायचो. तिथे कसं झालं असेल याचा विचार मी आजही करतो. त्या मुलांचं स्मारक त्या डोंगरावर आहे आणि क्रॉयडनमध्येही आहे.

जर्मनीत हाल्टर्न नावाचं लहान गाव आहे. २४ मार्च २०१५ला तिथल्या शाळेतले १६ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका स्पेनमधल्या मुलांकडे पाहुणे म्हणून राहून परत येत होते. सहवैमानिकाने मुद्दाम विमान आल्प्सच्या डोंगरावर आपटलं, दीडशे जण गेले. हे कारण वाचून राग येतोच. पण कारणाबद्दल एक बोलायचं आहे, कारण आमच्याकडेही लोक पहिल्यांदा तेच विचारतात: चूक कोणाची होती?

कारण शोधलंच पाहिजे. १७ जुलै १९९६ला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं विमान हवेत फुटलं, त्यात माँटूर्सव्हिल या छोट्या गावच्या हायस्कूलची फ्रेंच शिकणारी १६ मुलं होती. तपासाला चार वर्षं लागली. इंधनाच्या टाकीतल्या वाफांचा स्फोट झाल्याचं निघालं आणि २००८मध्ये अशा टाक्यांतला धोका कमी करण्याचा नियम आला. त्या तपासाने पुढचे किती जीव वाचले असतील! उलट होल्ताचं विमान ठरलेली वाट सोडून डोंगराकडे का गेलं, हे चौकशीतही कळलं नाही. पण कारण कळो न कळो, गेलेला मुलगा कसा होता हे चौकशीच्या कागदात येत नाही. ते काम दुसऱ्या कोणाचं तरी असतं.

माझं उत्तर तेच आहे. आईबापांना त्यांचा मुलगा माहीत होता, पण तो वर्गात कसा होता हे फक्त आम्हाला माहीत आहे. मधल्या सुट्टीत शेंगाचटणीच्या बदल्यात कोणाचा डबा उघडायचा, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला कोण घाबरायचा, मार खाताना कोण डोळे मिटायचा नाही, हे कुठल्याच घरात नोंदलेलं नाही. आम्ही विसरलो तर त्या तिघांचा तेवढा भाग कायमचा गेला. आपल्या गावाला तर नावं घेऊन आठवायची सवय आहे. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं सोलापुरातलं शाळकरी पोरही सांगतं. त्यांची बरोबरी मी करत नाही. ते देशासाठी गेले, आमचे तिघे सहलीला. पण नाव मोठ्याने घेतलं की माणूस आकड्यातून बाहेर येतो, हे मी या गावातच शिकलो.

तिघांपैकी एकाची आई अजून आहे. घरी तेलुगू बोलतात. तिने जन्मभर विड्या वळल्या, आता कारखान्याचं काम नाही, तरी मांडीवर सूप असतं. मी गेलो की तिचे हात थांबत नाहीत, पान फर्म्यावर ठेवून कात्री फिरतच राहते. माझ्या मुलांची चौकशी ती करते, पण आधी माझ्याकडे निरखून बघते. मला चष्मा लागला ते तिने पहिल्याच भेटीत विचारलं. गेल्या वेळी माझ्या केसांकडे बघत म्हणाली, "त्याचे पण पिकले असते का रे एवढे? त्याचे वडील तर लवकर पांढरे झाले." मी म्हटलं, "झाले असते, आई." मग दोघं त्याच्यावर बराच वेळ बोललो, अगदी नोकरी कुठे केली असती इथपर्यंत. मला बघून तिला त्रास होत असेल या भीतीने मध्ये काही वर्षं जाणं कमी करावं असं मनात येई. तिनेच एकदा सांगितलं, "तू आलास की तो केवढा झाला असता ते मला कळतं."

तिच्या नातवाला आता काकाविषयी सगळं हवं आहे. घरात एकच फोटो आहे, तोही शाळेच्या ओळखपत्रावरचा. म्हणून मी लिहायला घेतलं आहे आणि वर्गातल्या बाकीच्यांना फोन करतो आहे. कोणी पुण्यात आहे, कोणी हैदराबादला, दोघं इथेच अशोक चौकात. पोहायला तो सिद्धेश्वर तलावावर शिकला असं एक सांगतो, दुसरा म्हणतो त्याला पोहता येतच नव्हतं, काठावर कपडे सांभाळत बसायचा. दोघंही शपथेवर सांगतात. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे, आणि आईला विचारायचं बाकी आहे.