‘घरी जा’ म्हणणारा फ्रोडो

दर डिसेंबरात आमच्याकडे चार-पाच जण जमतात आणि आम्ही टोल्किनच्या कादंबरीवरून पीटर जॅक्सननं केलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमाचे तिन्ही भाग बघतो. दर वेळी कुणीतरी विचारतंच, ‘टोल्किनची पुस्तकं एवढी वाचलीस, आणि तुझा आवडता प्रसंग कुठला, तर पायऱ्यांवरचा? जो पुस्तकात नाहीच?’ आजवर मी ‘आवडतो, बस्स’ म्हणून चहा टाकायला उठत आलोय. या वेळी तुम्ही फारच मागे लागलात, म्हणून लिहितो.

प्रसंग तुम्हाला पाठ आहे. दुष्ट ताकदीची अंगठी नष्ट करायला फ्रोडो निघालाय, सोबत त्याचा जिवाचा सॅम, आणि वाट दाखवायला त्याच अंगठीसाठी झुरणारा गॉलम. वाटेत डोंगरातल्या उभ्या पायऱ्या लागतात. फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम शिदोरीची लेंबास भाकरी कड्यावरून खाली फेकतो आणि तिचा चुरा सॅमच्या अंगरख्यावर भुरभुरतो. फ्रोडोला वाटतं, सॅमनंच खाल्ली. तो सॅमला म्हणतो, घरी जा. यावर तुमचं म्हणणं, जॅक्सननं इथे सॅमचा अपमान केलाय आणि फ्रोडोला मूर्ख ठरवलंय.

बदल केला हाच गुन्हा असेल, तर मदतीची हाक म्हणून डोंगरामागून डोंगरावर जाळ पेटत जातात तेव्हा तुम्ही उठून टाळ्या का वाजवता? पुस्तकात फ्रोडोचा सोबती पिपिन घोड्यावरून जाताना त्याला ते जाळ आधीच पेटलेले दिसतात, काही ओळींत विषय संपतो. तो बदल चालतो. रोहन राज्याचा राजा लढाईआधी भाल्यांच्या रांगेवरून तलवार खणखणवत जातो तिथे माझ्याही अंगावर काटा येतो, आणि सॅम फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो तेव्हा मी तुमच्याकडे बघत नाही. २००३च्या त्या तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली ती काही उगाच नाहीत. पण हे सगळे प्रसंग मला कुणाबद्दल तरी काहीतरी सांगतात. पायऱ्यांवरचा माझ्याबद्दल सांगतो.

मी स्वतः पहिल्यांदा हा भाग बघितला तेव्हा तुमच्याहून जास्त चिडलो होतो. लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या व्हीसीडी होत्या. शेजारी माझा मित्र बसलेला. पुस्तक त्यानंच मला दिलं होतं, एका प्रतीवर डिक्शनरी घेऊन दोघांनी वाचलेलं. मी तावातावानं म्हणालो, ‘असं कुणी वागतं का? एवढा जिवाचा माणूस, त्याच्यावर संशय?’ तो फक्त म्हणाला, ‘दमलाय रे तो.’ त्या वेळी मला हे उत्तर अगदी कच्चं वाटलं.

२००९च्या उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना, आठ माग. वाचा गेली, उजवा हात गेला. व्यवहार सगळा त्यांच्या डोक्यात, मला फक्त वही दिसायची. दिवसा कारखाना, रात्री दवाखान्यात त्यांच्या खाटेखाली चटईवर. मित्र तेव्हा आमच्याकडेच हिशेब बघायचा. रोज रात्री त्याच्या आईनं केलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून आणायचा. लेंबास म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ती भाकरी आठ दिवस टिकते, पापडासारखी मोडते, आणि चुरा सगळीकडे होतो.

एके दिवशी कपाटातले ६२ हजार कमी भरले. नात्यातल्या एकानं जिन्यात गाठून हळूच सांगितलं, ‘चावी कुणाकडे असते ते बघ.’ मी त्यांना झापलं, हे खरं आहे. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, हेही खरं आहे.

त्याच रात्री भाकरी खाताना मित्र म्हणाला, ‘चार रात्री झोपला नाहीस तू. थोडे दिवस वही माझ्याकडं दे की. मी बघतो सगळं.’

सॅम नेमकं हेच म्हणतो. थोडा वेळ अंगठी मी घेतो, ओझं वाटून घेऊ. आणि फ्रोडो नेमका त्याच क्षणी फिरतो. चुऱ्यामुळे त्याला संशय येतो, पण तो पक्का होतो मदतीचा हात पुढे आल्यावर. ज्याच्या हातात काही जपायला दिलेलं असतं आणि जो झोपेविना दिवस काढत असतो, त्याला ‘दे इकडे’ हे दोन शब्द वेगळेच ऐकू येतात. मला आले. मी म्हणालो, ‘चावी ठेव आणि घरी जा.’

तो भांडला नाही. चादरीवर पडलेला भाकरीचा चुरा त्यानं तळहातानं गोळा केला, फडक्यात घेतला, फडक्याला गाठ मारली. चावी खाटेच्या कडेला ठेवली. वडील जागे होते. त्यांच्या घशातून काहीतरी आवाज येत होता, डावा हात उचलत होते. मला वाटलं, पाणी हवंय. मी पाणी पाजलं.

तीन आठवड्यांनी खुंटीवरचा त्यांचा शर्ट धुवायला काढला. खिशात सूत व्यापाऱ्याची पावती. ६२ हजार, रोख, झटका आला त्याच्या आदल्या दिवशीची.

आता पुस्तकाचं बोलू. १९५५मध्ये आलेल्या तिसऱ्या खंडात, शत्रूच्या मनोऱ्यात कैद झालेल्या फ्रोडोला सॅम सोडवतो. अंगठी तेव्हा सॅमकडे असते. तो म्हणतो, जड जात असेल तर मी वाटा उचलतो. तेव्हा फ्रोडो त्याच्यावर ‘चोर’ म्हणून ओरडतो आणि अंगठी हिसकावून घेतो. म्हणजे बी टोल्किननंच पेरलेलं आहे. फरक एवढाच की तिथे फ्रोडो लगेच भानावर येतो, माफी मागतो. जॅक्सननं ते आधी आणलं आणि माफी लांबवली. मला ते जास्त खरं वाटतं. माझं भान यायला तीन आठवडे लागले.

तुमचा एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. सिनेमात खाली पडलेल्या भाकऱ्या बघून सॅम परत फिरतो, पण आपण खाल्लं नाही हे त्याला आधीपासून माहीतच होतं, मग नवीन काय कळलं? बरीच वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. कधी वाटतं, ही पटकथेतली चूक आहे. कधी वाटतं, परत फिरायला त्याला काहीतरी निमित्त हवं होतं. माझा मित्र फिरला नाही. इचलकरंजीला गेला, तिथेच नोकरीला लागला. त्यानं का फिरावं, तेही मला सांगता येत नाही.

वडील गेल्यावर मी त्याला फोन केला. पावतीचं सगळं सांगितलं. म्हणालो, माझं चुकलं. सिनेमातल्या मनोऱ्यात फ्रोडो माफी मागतो तेव्हा सॅम त्यावर काहीच बोलत नाही, आधी तुला इथून बाहेर काढू म्हणतो. मित्र थोडा वेळ गप्प होता. मागे माग चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, ‘काका शेवटी बोलले का रे काही?’ मी नाही म्हणालो. ‘बरं,’ म्हणाला, ‘सूत काय भावानं चाललंय तिकडं?’

मी भाव सांगितला.