जखमेला हात लावण्याआधीची पंधरा मिनिटे

तुळशीची लग्ने आटोपली की इंदुरात वरातींचे दिवस सुरू होतात आणि मला येणाऱ्या फोनांत घोड्यांच्या तक्रारी वाढतात. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर गेली २२ वर्षे मी याच शहरात मोठ्या जनावरांवर उपचार करते. पोटदुखी, निखळलेली नाल, खोगिराने सोललेली पाठ हे नेहमीचेच. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास रामबागेजवळच्या एका गल्लीतून फोन आला, तेव्हा मात्र बोलणाऱ्याच्या शब्दांआधी माणसांचा गलका ऐकू आला.

मी पोहोचले तेव्हा नवरदेवाला खाली उतरवलेले होते. मांडव बांधून उरलेली बारीक लोखंडी तार रस्त्यात पडली होती. ती नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्याशुभ्र, घोडीच्या मागच्या उजव्या पायात, खुराच्या जरा वर अडकली होती आणि पाय हिसडताना मांसात रुतली होती. घोडीला भिंतीशी दाबून चार माणसे लगाम ओढत होती. वरातीचे दिवे थेट तिच्या तोंडावर होते, मागे जनरेटर धडधडत होता, आणि कोणीतरी मोबाइलचा झगझगीत दिवा लावून जखमेचे चित्रण करण्यासाठी तिच्या मागे वाकले होते. मला पहिली भीती त्या माणसाची वाटली.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळा परिसर एकाच वेळी दिसतो. पण शेपटीच्या थेट मागे आणि नाकाच्या अगदी खाली-पुढे त्याला काहीच दिसत नाही. घोड्याच्या मागे उभे राहू नये, हे आपण सर्वजण ऐकत आलेलो आहोत. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की सर्वांत घातक अंतर मधले असते. अंगाला अंग लावून उभे राहिलेल्या माणसाला धक्का बसतो, लाथेला पूर्ण जोर मिळत नाही. तीन-चार मीटर लांब असलेल्यापर्यंत ती पोहोचत नाही. पण हाताभर अंतरावर उभ्या माणसाला ती पूर्ण ताकदीने बसते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, चारा खाणाऱ्या एका घोड्याजवळ मी आवाज न देता मागून गेले होते, आणि नडगीचे हाड मोडून दोन महिने घरी बसले होते. चूक पूर्णपणे माझी होती.

घोडीचे मालक आप्पा सत्तरीचे. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. आप्पा हात जोडून म्हणाले, “ताई, आधी रक्त थांबवा हो.” रस्त्यावर रक्त बरेच दिसत होते. परंतु साडेतीनशे किलोच्या घोडीच्या अंगात २५ लिटरांहून अधिक रक्त असते. सांडले होते ते फार तर लिटरभर, आणि धारही उडत नव्हती. मी म्हटले, “आप्पा, पंधरा मिनिटे द्या मला. आत्ता पायाला हात लावला, तर कोणीतरी जखमी होईल आणि तार आणखी आत जाईल.”

मी आधी गर्दीला गल्लीच्या दोन्ही तोंडांपर्यंत हटवले आणि जनरेटर लांब न्यायला सांगितला. दिवे मात्र विझवू दिले नाहीत. लख्ख उजेडातून अंधाराला सरावायला घोड्याच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. एकदम काळोख झाला असता, तर ती अधिकच बिथरली असती. म्हणून दिवे तिच्या तोंडासमोरून काढून बाजूला, दूर उभे केले.

चौघांना लगाम सोडायला लावले आणि बागडोर आप्पांच्या बारा वर्षांच्या नातवाकडे ठेवली, कारण त्या गल्लीत न ओरडणारा तो एकटाच होता. दोर त्याने मुठीभोवती गुंडाळून घेतला होता. घोडा उधळला की असा वेढा आवळतो आणि बोटे तुटतात किंवा माणूस फरफटत जातो. “वेढा काढ बाळा, घड्या करून मुठीत धर आणि दोर जरा सैल सोड,” असे सांगताच आप्पांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. घोडा आवळून धरला की ताब्यात राहतो, असा समज वरातीत काम करणाऱ्या पुष्कळांचा असतो. मला तो पटत नाही. संकटात पळणे हाच या जनावराचा उपाय आहे. तोही बंद झाला असे त्याला वाटले, तर त्याच्याकडे दात आणि लाथा एवढेच उरते.

मग मी तिच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरपी, सावकाश बोलत गेले आणि तिच्याकडे टक लावून न पाहता नुसती उभी राहिले. मान जिथे पाठीला मिळते, त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात; तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून पाहिलेले आहे. मी थोपटले नाही, बोटांनी खाजवत राहिले. जबड्याखाली नाडी पाहिली तेव्हा मिनिटाला ७६ ठोके होते. विश्रांतीत ते २८ ते ४४ असतात. बराच वेळ काही बदलले नाही. मग एक कान माझ्याकडे वळला, तिने लांब श्वास सोडला आणि जबडा चघळल्यासारखा हलवला. नाडी ५२ वर आली होती.

या थांबण्याला औषधाचेही कारण होते. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचे इंजेक्शन खवळलेल्या घोड्यावर नीट लागू पडत नाही. शांत असताना दिले, तर मानेच्या शिरेतून काही मिनिटांतच काम करते. तिची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला. तरीही सावधपणा सोडता येत नाही, कारण गुंगीतला घोडा अचानक आणि नेमकी लाथ मारू शकतो. मी नातवाला माझ्याच बाजूला, उजवीकडे, उभे केले. घोडी बिथरलीच, तर त्याने तिचे डोके आमच्याकडे ओढायचे, म्हणजे तिचा मागचा भाग आमच्यापासून दूर वळतो. खांद्यापासून पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत आणि तिथून पायावर, हात न उचलता मी खाली आले. गुडघे टेकले नाहीत. कमरेत वाकूनच तार कापली.

जखम पायाच्या मागच्या बाजूला होती. तिथे मांस फारसे नसते, कातडीखाली थेट स्नायुबंध असतात, आणि त्यांच्या आवरणात जंतू शिरले तर घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. सुदैवाने आवरण फाटलेले नव्हते. सलाइनने धुऊन टाके घातले, पट्टी बांधली आणि धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. नवरदेव पायीच मांडवात गेला.

त्यानंतर पट्टी बदलायला मी चार वेळा आप्पांच्या तबेल्यात गेले. सुरुवातीच्या दिवसांत ती उजव्या पायाचे नुसते टोक टेकून, भार टाळत उभी असे. अकराव्या दिवशी मी दारातून आवाज दिला, तेव्हा नातू तिला खरारा करत होता, दोर त्याच्या हातात सैल होता, आणि ती अर्धवट डोळे मिटून, डावा पाय सैल सोडून, सगळा भार उजव्या पायावर घेऊन उभी होती.