तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच घरात दोन नियम का?

‘तुमच्याकडे मुलीला एक न्याय आणि मुलाला दुसरा, असं का?’ हे मला नाशिकच्या इंदिरानगरमधल्या शेजारणींनी विचारलंय, शाळेबाहेर उभ्या असलेल्या आयांनी विचारलंय, आणि नणंदेने तर चारचौघांत विचारलंय. विचारणाऱ्यांची चूक नाही. कुणाच्या वाढदिवसाला जायचं असेल तर अकरा वर्षांच्या थोरलीला मी दोन दिवस आधी सांगते, कोणकोण येणार तेही सांगते, आणि गर्दी जमायच्या आत आम्ही तिथे पोचतो. आठ वर्षांच्या धाकट्याला चपला घालताना सांगितलं तरी चालतं. तिला काही बोलायचं तर आतल्या खोलीत, हळू आवाजात. त्याला तिथल्या तिथे आणि मोजक्या शब्दांत, कारण लांबलेलं बोलणं त्याच्या कानात शिरतच नाही.

मुलगा आहे म्हणून त्याला मोकळीक, असं काहींना वाटतं. तसं नाही. स्वभाव उलटे असते तर नियमही उलटे झाले असते.

हे मला आधीपासून कळत होतं असं मात्र नाही. माझं माहेर जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळ. नाशकाबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकाच्या पोटात वर्षभर बुजवून ठेवलेला मोठा दगडी हौद. तो रंगाच्या पाण्याने भरतात आणि माणसं काठावरून धप्पा मारतात. पाणी पार वरच्या गॅलरीपर्यंत उडतं. मला लहानपणापासून याचं वेड. थोरली सहा वर्षांची असताना मी तिला काठावर नेलं. ती माझ्या ओढणीला गच्च धरून रडत होती. मी म्हटलं, ‘काही होत नाही, एकदा गेलीस की भीती जाईल,’ आणि तिची बोटं सोडवून तिला मामाच्या हातात दिलं. त्याने तिला कडेवर घेऊन उडी मारली.

भीती गेली नाही. पुढे कितीतरी दिवस ती डोक्यावरून पाणी घेऊ देईना, आणि तीन वर्षं रंगपंचमीला आजीकडे यायलाच तयार नव्हती. तिची ती सोडवलेली बोटं मला अजून आठवतात.

आई म्हणाली, ‘स्वभावाला औषध नाही.’ मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, औषध नाही कारण तो आजार नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. 1956 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ पतिपत्नींनी तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि 133 मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं. मूल नव्या गोष्टीकडे धावतं की मागे सरकतं, बदलाला किती वेळ घेतं, किती जोरात रडतं-हसतं, असे नऊ गुण त्यांनी पाहिले. सुमारे 40 टक्के मुलं सहज रुळणारी निघाली, 10 टक्के अवघड, आणि 15 टक्के हळूहळू रुळणारी. ही शेवटची ओळ वाचताना माझी थोरलीच समोर उभी राहिली. नव्या जागी आधी कोपरा धरायचा, सगळं नीट बघून घ्यायचं, मग एकेक पाऊल. पण खरी गोष्ट पुढेच होती. उरलेली 35 टक्के मुलं कुठल्याच खणात बसली नाहीत. आणि मुलाचं पुढे कसं होईल हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही, त्याचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचं किती जुळतं त्यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे प्रश्न तिच्या एकटीचा नव्हताच. मी स्वतः घाईची. सकाळी रिक्षाकाकांचा हॉर्न वाजायच्या आधी मीच दहा वेळा ‘चल, चल’ करणारी. धाकट्याचं माझ्याशी जमतं यात माझं कौतुक काहीच नाही, तो माझ्यासारखाच आहे. थोरलीसाठी मला माझा वेग मोडावा लागला, आणि ते अजूनही रोज जमत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पाहुण्यांनी तिला काही विचारलं की उत्तर मीच द्यायचे. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. चार महिन्यांची असतानाच नव्या आवाजाने, नव्या वस्तूने हातपाय झाडणारी, रडणारी बाळं साधारण पाचातलं एक. त्यांतली पुष्कळ पुढे बुजरी होतात, पण सगळी नाही. ज्या आया अशा बाळांना प्रत्येक अडचणीतून उचलून घ्यायच्या, त्यांची मुलं जास्त भित्री राहिली. हे वाचल्यावर मी सावानात, म्हणजे 1840 सालच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात, वेगळं वागायला लागले. आधी पुस्तक मी मागायचे. मग मी शेजारी उभी आणि बोलायची ती. मग मी दाराशी. वर्ष गेलं यात. आता ती जिन्यावरून हाक मारून सांगते, ‘आई, तू खालीच थांब.’

एक मात्र कळकळीने सांगते. मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन स्वभाव, बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी आपल्या शहरातही विकली जाते. मलाही एका क्लासमध्ये गळ घातली होती. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यांवरून मूल कसं शिकेल हे कळत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही सांगितलंय. एमबीटीआय, म्हणजे माणसांचे सोळा प्रकार पाडून प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचं नाव देणारी ती प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणीसुद्धा मुळात 14 वर्षांपुढच्यांसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाला चार अक्षरांत बसवू नका. पैसे जातात ते जाऊ देत, पण तो शिक्का घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसतो.

आमच्याकडे तो बिनपैशाचाच बसला होता. धाकटा म्हणजे ‘न घाबरणारा’. गेल्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेत आकाशपाळण्याची रांग धरली. तिकिटं त्यानेच हट्टाने काढायला लावलेली. पाळण्याचा पाटा समोर आला आणि तो जागीच थिजला. मागची माणसं ‘चला ओ’ म्हणू लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अरे, तू कधीपासून घाबरायला लागलास?’ त्याचे डोळे भरून आले.

थोरलीने त्याचा हात धरला आणि त्याला रांगेतून बाजूला घेतलं. ‘त्याला आधी दोन फेऱ्या बघू दे ना,’ ती मला म्हणाली, आणि मग त्याला, ‘तो निळा पाळणा बघ. वर गेला की किती वेळ थांबतो ते मोज.’

आम्ही तिघं बाजूला उभे राहून मोजत राहिलो. तिकिटं माझ्या मुठीत होती.