सपाट रस्त्यावर बंद, चढावर ठणठणीत: जुन्या पिकअपची नोंद

ब्रेकचं काम बाजूला ठेवलंय. चालता चालता गाडी बंद पडत असेल, तर आधी तेच बघायला हवं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: 1983 चा पेट्रोल पिकअप, ओळीत सहा सिलिंडर, एक बॅरलचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), मॅन्युअल गिअरबॉक्स. इग्निशन इलेक्ट्रॉनिक, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातच बसवलेली. इंधनपंप इंजिनच्या बगलेला, मेकॅनिकल. कॉम्प्युटर, सेन्सर, कोड वगैरे भानगड नाही, त्यामुळे गाडी स्वतःहून काही सांगणार नाही, विचारून घ्यावं लागतं.

तक्रार अशी. इंजिन नीट तापल्यावर, सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना गाडी अचानक गप्प होते. गचके नाहीत, खोकणं नाही, दम लागणं नाही, चावी काढल्यासारखी एका क्षणात मेलेली. पाय उचलला की बऱ्याचदा सायलेन्सरमधून फट्ट असा बार निघतो आणि इंजिन परत पकडतं. क्लच दाबला असेल तर मात्र पूर्ण बंद. बाजूला घेऊन स्टार्टर मारला की पहिल्याच फेऱ्यात चालू. एखाद्या आठवड्यात काहीच होत नाही, तर कधी एकाच फेरीत पुन्हा पुन्हा.

दहा जणांना विचारलं तर नऊ जण सांगतात, पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर बदल, पंप बदल, कार्ब्युरेटर खोल. बरोबर असू शकतं. पण जुन्या गाडीत एकेक पार्ट बदलत जायचं म्हटलं तर अख्खी गाडी बदलून होते आणि दोष तिथल्या तिथे राहतो. अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण ही की हत्यारं हातात असतात तेव्हा गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणून यावेळी ठरवलं, पान्याला हात लावायच्या आधी तिच्या सवयी लिहून काढायच्या. गाडीत वही ठेवली आणि बंद पडली की चारच गोष्टी टिपल्या: वेग, चढ की सपाट, पाय किती दाबलेला, परत चालू व्हायला किती वेळ.

वहीने काय सांगितलं

सगळ्यात मोलाची निघाली ती चौथी गोष्ट. परत चालू व्हायला वेळ लागतच नाही. इथेच संशयितांची अर्धी यादी गळाली. इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गरम होऊन दगा देत असेल तर थंड होईपर्यंत गाडी हटून बसते, दहा-वीस मिनिटं सहज जातात. कॉइलच्या आतली तार तापून तुटत असेल तरी तेच. इंधनाच्या नळीत वाफ धरत असेल तर स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, शिवाय तो त्रास तापलेली गाडी उभी करून ठेवल्यावर जास्त होतो, वारा लागत असताना कमी. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं असेल तर बऱ्याच अंतरानंतर ताकद हळूहळू जाते आणि झाकण उघडताना सूंऽ असा आवाज येतो. तो आला नाही. झाकण सैल ठेवूनही चालवून पाहिलं, फरक शून्य.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं हाही एक जुना चोर आहे. हवा थंड आणि दमट असली की व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, बर्फ साचतो, इंजिन मरतं, चार मिनिटं उभं राहिलं की इंजिनच्या उष्णतेने तो वितळतो आणि पुरावा नाहीसा. पण आमची गाडी कोरड्या, उबदार दिवशीही तेवढ्याच निष्ठेने बंद पडत होती.

दुसरी गोष्ट चढाची. चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, ओझं भरलेलं असताना एकदाही बंद पडली नाही. पेट्रोल कमी पडत असेल तर सगळ्यात आधी तिथेच रडायला हवी, कारण इंजिन सर्वाधिक इंधन तिथे ओढतं. जिथे मागणी जास्त तिथे ठणठणीत आणि जिथे मागणी नाममात्र तिथे मरते, हे इंधनाच्या टंचाईचं वागणं नव्हे.

आयडलवरही, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, कधी बंद पडली नाही. ही नोंद लिहिताना तिचं महत्त्व लक्षात आलं नव्हतं, नंतर तीच किल्ली ठरली.

इंधन की ठिणगी

बार निघतोय याचाच अर्थ पेट्रोल येतंय. चाकं इंजिनला फिरवत असतात, इंजिन मिश्रण आत ओढतं, ते पेटत नाही, तसंच गरम सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं आणि ठिणगी परत आली की तिकडे एकदम पेटतं. तरी खात्री म्हणून, बंद पडल्यावर लगेच एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघितलं. इंजिन बंद असताना थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारं हवेचं पातं) हाताने ओढला की ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी दिसायला हवी. चांगली जाड, सरळ धार आली. म्हणजे फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. (मागून स्टार्टर मारणारा कुणी असेल तर तोंड आत घालू नका. इंजिनने उलटी ठिणगी टाकली तर भुवया जातात.)

मग ठिणगीवर पाळत. डॅशबोर्डवर टॅकोमीटर असलेल्यांना हे काम फुकट आहे. इंजिन मरताना काटा बघायचा. आरपीएमबरोबर सावकाश उतरला तर ठिणगी चालू आहे, दोष बहुधा इंधनात. गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनला फिरवतायत आणि तरी काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलला संकेतच मिळत नाहीये. माझ्याकडे टॅकोमीटर नाही, म्हणून टायमिंग लाइट (प्लगला ठिणगी गेली की लुकलुकणारा दिवा) वापरला. क्लिप पहिल्या प्लगच्या वायरवर, दिवा बॉनेटच्या मागच्या फटीतून काचेखाली टेपने चिकटवलेला, तोंड ड्रायव्हरच्या डोळ्यांत न येता शेजारच्याला दिसेल असं. वायरी पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधल्या. त्याच फेरीत डिस्ट्रिब्युटरच्या बॅटरी टर्मिनलवरून एक लांब वायर आत आणून बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला. चालवायला एक जण आणि दिव्यांवर लक्ष ठेवायला दुसरा, हे दोघं हवेतच. एकट्याने करायचा हा खेळ नाही.

गाडी मेली तेव्हा टायमिंग लाइटचं लुकलुकणं जागीच थांबलं, टेस्ट लॅम्प मात्र शांतपणे जळत राहिला. एका क्षणात दोन उत्तरं. ठिणगी जातेय. आणि चावीचा स्विच, फ्यूज, बॅटरीची वायर, अर्थिंगचा मोठा घोळ यातलं काही नाही, कारण डिस्ट्रिब्युटरपर्यंत वीज पोचतेय. उरलं ते डिस्ट्रिब्युटरच्या आतलं: मॉड्यूल, कॉइल, पिकअप कॉइल (शाफ्ट फिरताना ठिणगी कधी टाकायची याचा संकेत मॉड्यूलला देणारी) आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. मॉड्यूल आणि कॉइल लगेच सावरत नसतात, हे वर आलंच.

मग सपाट रस्ताच का?

इथे वहीतल्या तीन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. आयडलवर नाही. पूर्ण दाबल्यावर नाही. हलक्या पायाने सपाटीवर हमखास.

डिस्ट्रिब्युटरच्या कडेला जो तबकडीसारखा डबा असतो, व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा, त्याचं वेळापत्रक हुबेहूब हेच आहे. या गाडीत त्याची नळी कार्ब्युरेटरच्या ज्या भोकाला जोडलीय ते थ्रॉटलच्या पात्याच्या किंचित वर आहे. आयडलला पातं मिटलेलं, भोकाला ओढ (व्हॅक्यूम) नाही. थोडा पाय दिला की भोक पात्याखाली येतं आणि इंजिनची ओढ सरळ डब्यापर्यंत जाते. डब्यातला पडदा दांडी खेचतो, दांडी डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट काही अंश फिरवते आणि ठिणगी लवकर पडू लागते. पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढच संपते, प्लेट परत जागेवर. पिकअप कॉइल बसलीय ती याच हलत्या प्लेटशी जोडून, आणि तिच्या दोन बारीक तारा जातात न हलणाऱ्या मॉड्यूलकडे. म्हणजे पाय जितक्यांदा हलका-जड होईल तितक्यांदा त्या तारा वाकतात. पत्र्याची पट्टी पुढे-मागे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसं चाळीस वर्षांत तांब्याचं होतं.

याने बाकीची कोडीही सुटली. बंद पडल्यावर लगेच चालू का होते? इंजिन थांबलं की ओढ गेली, प्लेट मागे, तुटलेली टोकं परत एकमेकांना टेकली. पाय उचलल्यावर बार काढून का पकडते? तेच कारण. थंड असताना का होत नाही? तापल्यावर वायरचं आवरण मऊ पडतं आणि टोकं सुटायला वाव मिळतो, असा माझा तर्क आहे. त्यावर पैज लावणार नाही.

मल्टिमीटर आणि हातपंप

टोपण आणि रोटर काढला, पिकअप कॉइलचा कनेक्टर मॉड्यूलवरून सोडवला. या प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरला दोन तारांमध्ये 500 ते 1500 ओहम चालतात, आणि कुठल्याही तारेपासून बॉडीपर्यंत काहीच लागता कामा नये. वाचन आलं 800 च्या आसपास, बॉडीला काही नाही. म्हणजे कागदावर पास! इथेच मीटर आवरून ठेवला असता तर ही कॉइल निर्दोष सुटली असती.

आता व्हॅक्यूमचा हातपंप डब्याच्या नळीला लावला आणि मीटर तसाच ठेवून हळूहळू ओढ वाढवली. सुरुवातीला आकडा ढिम्म. दांडी हलू लागली, प्लेट सरकली, आणि पंपाचा काटा 10 इंचांच्या (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) थोडा पुढे गेल्यावर मीटरवर सर्किट उघडं दिसलं. ओढ सोडली, 800 परत. पुन्हा ओढ दिली, पुन्हा उघडं. काट्याचा जुना मीटर असेल तर या कामाला तोच काढा. डिजिटलचा आकडा अर्धा सेकंद मागे असतो आणि क्षणभराची तूट गिळून टाकतो.

तार बाहेरून धडधाकट दिसत होती. चिमट्याने हलकेच ताणली तर एका ठिकाणी आवरण रबरासारखं लांबलं. तांबं शाबूत असलेली वायर अशी लांबत नाही. तिथे ब्लेडने आवरण चिरलं: आत बहुतेक धागे काळपट-हिरवे, पिठूळ झालेले, आणि दोन-तीन टोकं मात्र एकमेकांवर घासून घासून लख्ख.

नवा पार्ट मागवण्याआधी एक स्वस्त पडताळणी केली. तार तशीच ठेवून व्हॅक्यूमची नळी डब्यावरून काढली, कार्ब्युरेटरकडचं तोंड बुचाने बंद केलं आणि नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवली. हलक्या पायाला थोडी मठ्ठ आणि पेट्रोल जास्त पिणारी, पण बंद पडायचं नाव नाही. पार्ट येईपर्यंत तशीच चालवली.

बदलताना

तार जोडून भागवायचा मोह होतो. डाग (सोल्डर) दिला तर डागाशेजारची जागा कडक होते आणि पुढच्या वेळी तिथेच तुटते, म्हणून मी अख्खी पिकअप कॉइल बदलली. त्यासाठी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून खालच्या गिअरची पिन ठोकून शाफ्ट वर काढावा लागतो. काढण्यापूर्वी रोटरच्या तोंडासमोर बॉडीवर एक खूण करा, आणि डिस्ट्रिब्युटर वर उचलताना तिरक्या दात्यांमुळे रोटर थोडा फिरून जिथे थांबेल तिथे दुसरी. बसवताना दुसऱ्या खुणेवरून सुरुवात केली की पहिलीवर येऊन बसतो. बॉडी पूर्ण खाली टेकत नसेल तर क्लॅम्प आवळून बसवायला जाऊ नका. खाली ऑइल पंपाची खाच जुळलेली नसते, लांब स्क्रूड्रायव्हरने ती किंचित फिरवायची. गिअरवरची खूण रोटरच्या कुठल्या बाजूला होती तेही पिन काढण्याआधी टिपून ठेवा.

आत हात घातलाच होता, म्हणून मॉड्यूलखालची जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. मॉड्यूलची उष्णता तिच्यामार्फतच बॉडीत उतरते. हलती प्लेट मेणचटलेली होती, ती साफ करून तेलाचा एक थेंब. टोपण लावण्याआधी पुन्हा हातपंप लावून प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि नव्या तारा कुठेही ताणल्या जात नाहीत, रोटरला घासत नाहीत हे बघितलं. हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

टायमिंग नळी काढून, बुच लावून, बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या अंशांवर लावलं. मग नळी नाही, हातपंपच जोडून ओढ दिली तर पुलीवरची खूण टायमिंग लाइटखाली सरसर पुढे सरकली. ॲडव्हान्स आता खरोखर काम करतोय.

गाडी तेव्हापासून बंद पडलेली नाही. हलक्या पायाचा गुळगुळीतपणा तर मी ती घेतल्यापासून पहिल्यांदाच अनुभवतोय, म्हणजे लक्षात न येणाऱ्या छोट्या तुटी आधीपासूनच पडत असणार.

एक काम शिल्लक आहे. व्हॅक्यूमचा डबा ओढ धरून ठेवत नाही, पंपाचा काटा हळूहळू उतरतो. पडद्याला बारीक चीर असावी. डबा मागवलाय. तो बसला की टायमिंग पुन्हा तपासतो, आणि मग अर्धवट राहिलेले ब्रेकचे ड्रम.